पांडवलेणी पांडवांनी कोरली नाहीत

नाशिकला मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरात पांडवांनी वनवासात एका रात्रीत लेणी कोरली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण ती कोणी करवून घेतली, हे भिंतींवरच ब्राह्मी लिपीत लिहिलंय. ही लिपी लोक विसरले होते. 19व्या शतकात ती पुन्हा वाचता आली.

दहाव्या लेण्यातला लेख पाहा. क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात सांगतो: हे लेणं बौद्ध भिक्षुसंघाला दिलं, शिवाय 3,000 कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) कायम ठेव. त्यातले 2,000 गोवर्धन या इथल्याच गावातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा 1 व्याजाने. त्या व्याजातून इथे वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्काम करणाऱ्या, 20 भिक्षूंना चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी 12 कार्षापण. हिशेब करून बघा: वर्षाचं व्याज 240, आणि 20 गुणिले 12 तेवढेच! उरलेले 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा पाऊण टक्क्याने.

तिसरं लेणं सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचं दान.

अक्षरांचं वळण, राजांची नावं आणि नाणी जुळवून अभ्यासक काळ ठरवतात. ही दोन्ही लेणी साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. बौद्ध वहिवाट मोडल्यावर पांडवांचं नाव चिकटलं असावं. एका रात्रीची गोष्ट रंगतदार खरी. मला मात्र व्याजाचा हिशेब जास्त आवडतो.