आफ्रिकेतील पायाभूत सुविधा : आंतरराष्ट्रीय साहाय्याचा समन्वय

आफ्रिका खंडात रस्ते, लोहमार्ग, बंदरे, वीज, पाणीपुरवठा व दूरसंचार यांच्या उभारणीसाठी जागतिक बँक, आफ्रिकन विकास बँक, युरोपीय संघ यांसारख्या संस्था आणि जपान, जर्मनी, फ्रान्स, अमेरिका, चीन, भारत आदी देशांची सरकारे कर्ज, अनुदान किंवा तांत्रिक साहाय्य देत असतात. या साहाय्याची परस्परांशी आणि संबंधित आफ्रिकी देशांच्या योजनांशी सांगड घालण्याचे काम म्हणजे साहाय्याचा समन्वय होय. त्याची दोन अंगे आहेत. कोणते प्रकल्प आधी हाती घ्यायचे यावर एकमत करणे हे पहिले, आणि ठरलेल्या एका प्रकल्पात अनेकांचा पैसा, अनेकांचे नियम व अनेकांचे वेळापत्रक एकत्र नांदवणे हे दुसरे. पहिले काम परिषदांमध्ये होते आणि त्याची प्रसिद्धीही होते. दुसरे निविदांच्या मसुद्यांत आणि ‘ना-हरकत’ पत्रांच्या ये-जा करण्यात अडकते, व प्रकल्प रखडतात ते बहुधा तिथेच.

समन्वयाची गरज आफ्रिकेत इतरत्रांपेक्षा अधिक भासते, याचे कारण खंडाच्या नकाशातच आहे. 54 देशांपैकी 16 देशांना समुद्रकिनारा नाही. झांबियाचे तांबे किंवा युगांडाची कॉफी बंदरावर पोहोचवायची तर किमान एका शेजारी देशातून जावे लागते, आणि एका देशाने आपल्या हद्दीत उत्तम रस्ता बांधला तरी सीमेपलीकडचा रस्ता खराब असेल तर त्याचा अर्धा उपयोग वाया जातो. वसाहतकाळात लोहमार्ग खाणीपासून किंवा मळ्यापासून बंदरापर्यंत बांधले गेले. ते एकमेकांना जोडण्याचा विचार फारसा नव्हता. दोन रुळांमधील अंतराला गेज म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत 1,067 मिलिमीटर रुंदीची ‘केप गेज’ रूढ झाली, तर पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश हिंदुस्थानातून मजूर व साहित्य नेऊन 1896 ते 1901 या काळात बांधलेल्या युगांडा रेल्वेबरोबर मीटर गेज गेली. पुढे चीनने बिनव्याजी कर्ज देऊन 1970 ते 1975 दरम्यान टांझानियातील दार-ए-सलाम ते झांबियातील कापिरी म्पोशी हा 1,860 किलोमीटरचा ताझारा लोहमार्ग बांधला, तेव्हा तो दक्षिणेकडील गेजचा केला गेला. परिणामी टांझानियातल्याच जुन्या मीटर गेज मार्गाशी त्याची गाठ पडते त्या किदातू येथे माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागतो. हा मार्ग आर्थिकदृष्ट्या परवडणार नाही, असे पाश्चात्त्य तज्ज्ञांचे मत पडल्यामुळे तो चीनकडे गेला होता. साहाय्यकर्त्यांची मते जुळली नाहीत तर काय होते, याचे हे आरंभीचे उदाहरण मानता येईल.

संयुक्त राष्ट्रांच्या आफ्रिका आर्थिक आयोगाने 1970 च्या दशकाच्या प्रारंभी सबंध खंडाला जोडणाऱ्या आफ्रिका-पार महामार्गांची कल्पना मांडली. नऊ महामार्गांच्या या जाळ्याची एकूण लांबी 56,000 किलोमीटरांहून अधिक आहे. 1978 ते 1988 हे दशक आफ्रिकेतील वाहतूक व दळणवळणाचे दशक म्हणून जाहीर झाले. या काळात आखलेले बरेच काही कागदावर राहिले. 1980 आणि 1990 च्या दशकांत कर्जबाजारी झालेल्या सरकारांनी खर्च आखडता घेतला. पायाभूत सुविधा खासगी भांडवलातून उभ्या राहतील अशा अपेक्षेने साहाय्य देणाऱ्या संस्थांनीही आपला ओघ शिक्षण व आरोग्याकडे वळवला. मोबाईल फोनच्या क्षेत्रात ती अपेक्षा पूर्ण झाली. रस्ते, पाणी व वीजवाहिन्यांच्या बाबतीत झाली नाही.

2005 हे वर्ष या विषयात वळणाचे ठरले. ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी नेमलेल्या आफ्रिका आयोगाने त्या वर्षी मार्चमध्ये दिलेल्या अहवालात पायाभूत सुविधांसाठी दरवर्षी 10 अब्ज डॉलर अधिक द्यावेत अशी शिफारस केली. जुलैमध्ये स्कॉटलंडमधील ग्लेनईगल्स येथे भरलेल्या जी-8 शिखर परिषदेत ‘इन्फ्रास्ट्रक्चर कन्सॉर्शियम फॉर आफ्रिका’ या संघाची स्थापना ठरली. जी-8 देश, जागतिक बँक, आफ्रिकन विकास बँक, युरोपीय आयोग, युरोपीय गुंतवणूक बँक आणि पुढे दक्षिण आफ्रिका व तिची विकास बँक असे त्याचे सदस्यत्व होते. आफ्रिकी संघ व प्रादेशिक आर्थिक संघटना निरीक्षक म्हणून सहभागी होत. सचिवालय आफ्रिकन विकास बँकेत ठेवण्यात आले. आयव्हरी कोस्टमधील अस्थिरतेमुळे ही बँक तेव्हा आबिजान सोडून ट्युनिसमध्ये होती व 2014 मध्ये परतली. या संघाकडे स्वतःची तिजोरी नव्हती. कोण कोठे किती खर्च करते याची वार्षिक मोजदाद करणे, अडलेल्या प्रकल्पांवर संबंधितांना एकत्र बसवणे आणि एकाच प्रकल्पाभोवती दोन संस्था वेगवेगळे अहवाल तयार करत असतील तर ते निदर्शनास आणणे, एवढेच त्याचे काम. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या मोजदादीचे महत्त्व मात्र मोठे आहे, कारण तोवर खंडात एकूण किती पैसा येतो याचा सर्वमान्य आकडाच नव्हता.

गरजेचा आकडा जागतिक बँकेच्या पुढाकाराने 24 देशांत झालेल्या मोठ्या पाहणीतून 2010 च्या सुमारास पुढे आला. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेला वर्षाला सुमारे 93 अब्ज डॉलर लागतात, 45 अब्ज खर्च होतात, आणि सुमारे 17 अब्ज डॉलर अकार्यक्षमतेमुळे, म्हणजे वीजगळती, थकीत बिले, दुर्लक्षित देखभाल अशा कारणांनी वाया जातात, असा तिचा निष्कर्ष होता. उरलेली तूट 31 अब्जांची. आफ्रिकन विकास बँकेने 2018 मध्ये सबंध खंडासाठी हीच गरज वर्षाला 130 ते 170 अब्ज डॉलर आणि तूट 68 ते 108 अब्ज डॉलर असल्याचे मांडले. दोन अंदाजांची व्याप्ती व पद्धत वेगळी असल्यामुळे त्यांची थेट तुलना करू नये. भाषणांतून ती वारंवार केली जाते.

प्रकल्पांचा क्रम आफ्रिकी देशांनीच ठरवावा, या भूमिकेतून आफ्रिकी संघाच्या राष्ट्रप्रमुखांनी जानेवारी 2012 मध्ये अदिस अबाबा येथे ‘पिडा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा पायाभूत सुविधा विकास कार्यक्रम स्वीकारला. त्यात 2040 पर्यंतचे चित्र आणि 2020 पर्यंतचे सुमारे 68 अब्ज डॉलरचे 51 प्राधान्य प्रकल्प होते. 2021 मध्ये स्वीकारलेल्या दुसऱ्या टप्प्यात 69 प्रकल्प आहेत. एका देशाच्या अर्थमंत्र्याला शेजारच्या देशातील वीजवाहिनीसाठी कर्ज काढण्यात रस नसतो. म्हणून एकेका सीमापार प्रकल्पाची जबाबदारी एकेका राष्ट्राध्यक्षाकडे सोपवण्याची पद्धतही सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेकडे उत्तर-दक्षिण कॉरिडॉर आणि अल्जीरियाकडे सहारा-पार महामार्ग आला.

समन्वय यशस्वी झाला की कसा दिसतो, हे झांबेझी नदीवरील कझुंगुला पुलावर पाहता येते. बोट्स्वाना आणि झांबिया यांची सामाईक सीमा तेथे जेमतेम दीडशे मीटरची आहे आणि नामिबिया व झिम्बाब्वे यांच्या हद्दी अगदी लगत येतात. पूल होण्यापूर्वी मालवाहू ट्रक तराफ्यासारख्या पॉन्टून फेरीवरून नदी ओलांडत. फेरीची क्षमता सुमारे 70 टन, म्हणजे एका खेपेला एखादा मोठा लादलेला ट्रक आणि सोबत एखाददुसरी लहान गाडी. साहजिकच दोन्ही काठांवर ट्रकांच्या रांगा लागत आणि चालकांना कित्येक दिवस तेथेच चूल मांडावी लागे. 2003 मध्ये वाजवीपेक्षा जास्त लादलेल्या एका ट्रकमुळे पॉन्टून उलटून 18 जण बुडाले. 2007 मध्ये पुलाचा निर्णय झाला, 2014 मध्ये काम सुरू झाले आणि 10 मे 2021 रोजी 923 मीटर लांबीचा पूल खुला झाला. सुमारे 26 कोटी डॉलरच्या या कामात जपानच्या ‘जायका’ संस्थेचे व आफ्रिकन विकास बँकेचे कर्ज, युरोपीय निधीतील अनुदान आणि दोन्ही सरकारांचा वाटा होता. बांधकाम दक्षिण कोरियाच्या दाएवू कंपनीने केले. झिम्बाब्वेची हद्द टाळण्यासाठी पुलाला चक्क बाक दिला आहे. राजकारणाचा वळसा काँक्रीटमध्ये असा उमटलेला क्वचितच दिसतो. पुलाबरोबर दोन्ही काठांवर एकत्रित सीमा तपासणी नाके बांधले गेले, ज्यामुळे गाडीची तपासणी दोनदा न होता प्रवेश होणाऱ्या देशात एकदाच होते. ही पद्धत 2009 मध्ये झांबिया-झिम्बाब्वे सीमेवरील चिरुंडू येथे आधी अजमावली गेली होती. नुसता पूल बांधून नाके जुनेच ठेवले असते, तर फेरीची रांग फक्त नाक्यापुढे सरकली असती.

अनेकांचा पैसा एका प्रकल्पात आणण्याचे दोन मार्ग आहेत. संयुक्त वित्तपुरवठ्यात सर्वांची रक्कम एका नियमावलीखाली खर्च होते. समांतर वित्तपुरवठ्यात कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एकेका संस्थेकडे दिला जातो. आयव्हरी कोस्ट, लायबेरिया, सिएरा लिओन व गिनी यांना जोडणाऱ्या सुमारे 1,300 किलोमीटरच्या 225 किलोव्होल्ट वीजवाहिनीत जागतिक बँक, आफ्रिकन विकास बँक, युरोपीय गुंतवणूक बँक आणि जर्मनीची केएफडब्ल्यू ही सरकारी विकास बँक असे चार कर्जदाते होते आणि चारही देशांच्या वतीने एकच कंपनी स्थापन करून तिच्याकडे काम सोपवले गेले. सीमापार कामात अशी एकच कंपनी नेमणे हा कळीचा उपाय ठरतो. नाहीतर चार देशांची चार खाती आणि चार कर्जदाते मिळून पत्रव्यवहाराचा गुंता भूमितीश्रेणीने वाढतो. जमीन संपादनाची भरपाई, पर्यावरणीय परिणामांचा अहवाल, निविदेतील पात्रतेच्या अटी, लेखापरीक्षण या प्रत्येकाबाबत दर संस्थेचे निकष वेगळे असतात आणि ज्या सरकारकडे अशी कामे हाताळणारे मोजकेच अभियंते व लेखापाल आहेत, त्यांचा वेळ रस्ता बांधण्यापेक्षा पाहुण्या पथकांना सामोरे जाण्यात जातो. साहाय्य अधिक परिणामकारक करण्याविषयीच्या 2005 च्या पॅरिस जाहीरनाम्याने हा जाच कमी करण्याचे वचन दिले होते. युरोपीय गुंतवणूक बँक, फ्रान्सची विकास संस्था आणि केएफडब्ल्यू यांनी त्यानंतर एकाच संस्थेची छाननी इतर दोघींनी मान्य करण्याची पद्धत अवलंबली. दिशा योग्य होती, पण तिचा आवाका त्या तिघींपुरता राहिला.

खरी टंचाई पैशापेक्षा तयार प्रकल्पांची असते. व्यवहार्यता अहवाल, भूगर्भ तपासणी, करारांचे मसुदे यांवर प्रकल्पखर्चाच्या 5 ते 10 टक्के रक्कम काम सुरू होण्यापूर्वीच घालवावी लागते आणि प्रकल्प बारगळला तर ती बुडते. त्यामुळे पूर्वतयारीसाठी पैसे द्यायला कोणी पुढे येत नाही. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात काँगो नदीवरील इंगा जलविद्युत प्रकल्पाची क्षमता 40,000 मेगावॅटच्या घरात सांगितली जाते. त्याच्या पुढील टप्प्याच्या पूर्वतयारीसाठी जागतिक बँकेने 2014 मध्ये 7.3 कोटी डॉलर मंजूर केले, मात्र प्रकल्पाची सूत्रे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे गेल्यानंतर दिशेबाबत मतभेद होऊन 2016 मध्ये बँकेने पैसे थांबवले.

समन्वयाच्या टेबलावर कोण बसते हा प्रश्नही उरतोच. वर उल्लेखिलेल्या ‘इन्फ्रास्ट्रक्चर कन्सॉर्शियम’ संघाच्या 2018 च्या मोजणीनुसार त्या वर्षी आफ्रिकेच्या पायाभूत सुविधांसाठी 100.8 अब्ज डॉलरची तरतूद झाली. त्यात आफ्रिकी सरकारांचा स्वतःचा वाटा 37.5 अब्जांचा म्हणजे सर्वाधिक आणि चीनचा 25.7 अब्जांचा होता. चीन मात्र संघाचा सदस्य नव्हता. ‘देणगीदारांचा समन्वय’ हा शब्दप्रयोग म्हणूनच काहीसा फसवा आहे. अंगोलातील बेंगेला लोहमार्ग यादवी युद्धानंतर चीनच्या कर्जातून व चिनी कंपनीकडून नव्याने बांधला गेला. त्याच मार्गाच्या आधारे आता अमेरिका, युरोपीय संघ, आफ्रिकन विकास बँक व आफ्रिका वित्त महामंडळ यांनी अंगोला, काँगो लोकशाही प्रजासत्ताक आणि झांबिया यांच्याशी ऑक्टोबर 2023 मध्ये अंगोलाच्या लोबितो बंदराशी जोडणाऱ्या लोबितो कॉरिडॉरचा सामंजस्य करार केला आहे. दोन्ही पक्षांनी एकत्र बसून हे ठरवलेले नव्हते, तरी रूळ तेच आहेत. भारत 1983 पासून आफ्रिकन विकास बँकेचा सदस्य असला तरी त्याच्या साहाय्याचा मोठा वाटा मुंबईत मुख्यालय असलेल्या एक्झिम बँकेच्या पतपुरवठ्यातून, म्हणजे द्विपक्षीय मार्गानेच जातो.

उद्घाटनानंतर समन्वय बहुधा विरतो, आणि देखभालीचा प्रश्न एकट्या यजमान देशावर येऊन पडतो. 2010 च्या पाहणीत गरजेच्या सुमारे एक तृतीयांश रक्कम देखभालीचीच होती. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून जागतिक बँकेच्या पाठिंब्याने अनेक देशांत इंधनावरील अधिभारातून चालणारे रस्ते निधी स्थापन झाले. दुसरा उपाय वजनकाट्याचा. आसाचा भार दुप्पट झाला की रस्त्याचे नुकसान ढोबळमानाने सोळापट होते, आणि एका देशाने मर्यादा कडक ठेवली व शेजाऱ्याने सैल, तर जादा लादलेला ट्रक सैल बाजूनेच सीमेपर्यंत येतो. म्हणून पूर्व आफ्रिकी समुदायाने 2013 मध्ये सर्व सदस्य देशांसाठी वाहनभार नियंत्रणाचा एकच कायदा करून ट्रकच्या एकूण वजनाची मर्यादा 56 टनांवर ठेवली.