एका नावाच्या दोन लायब्रऱ्या

६४ बिटच्या लिनक्सवर जुना ३२ बिटचा प्रोग्रॅम चालवायला जावं, तर टर्मिनल कधीकधी सांगतं, ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही.’ फाइल तर डोळ्यांसमोर असते! खरं तर हरवलेला असतो लोडर, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्या (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ते तयार कोडचे साठे) मेमरीत आणून जोडणारा छोटा प्रोग्रॅम. त्याचा पत्ता प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात लिहिलेला असतो. ३२ बिटचा लोडर मशीनवर बसवलेलाच नसेल, तर कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हा असा निरोप देतो आणि नवखा माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन हा प्रोसेसर आणला, तो दोन्ही प्रकारचे प्रोग्रॅम चालवणारा होता. पण ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ६४ बिटची लायब्ररी जोडता येत नाही. एकाचे मेमरीतले पत्ते चार बाइटांचे, दुसरीचे आठ. म्हणजे प्रत्येक लायब्ररीच्या दोन प्रती हव्यात, आणि दोन्हींचं नाव तेच. मग ठेवायच्या कुठे?

लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांपैकी रेड हॅटच्या घराण्याने ‘लिब’ आणि ‘लिब६४’ असे दोन फोल्डर केले. दोघांपुरतं ते ठीक, पण एआरएमसारखं वेगळ्याच जातीचं प्रोसेसर आलं की तिसरी खोली नाही. डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये बरीच वर्षं ३२ बिटच्या ढीगभर लायब्रऱ्यांचं ‘आयए३२-लिब्ज’ नावाचं एकच गाठोडं असे. त्यातल्या एकीत सुरक्षेची चूक सापडली तरी अख्खं गाठोडं नव्याने बांधायचं!

त्यावरचा उपाय म्हणजे मल्टिआर्च. डेबियनवरच बेतलेल्या उबुंटूत तो २०११ मध्ये दिसू लागला आणि मे २०१३ च्या डेबियन ७ मध्ये पक्का झाला. प्रत्येक आर्किटेक्चरला, म्हणजे प्रोसेसरच्या जातीला, त्याच्याच नावाचा फोल्डर. पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीला एकदा सांगायचं की आय३८६ (३२ बिटच्या जातीचं नाव) सुद्धा चालेल, पॅकेजांची यादी ताजी करायची, मग पॅकेजच्या नावापुढे अपूर्णविराम देऊन ‘आय३८६’ लिहायचं. बस्स.

मला यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती सामाईक फाइलींची. माहितीपत्रकं ३२ आणि ६४ बिटच्या दोन्ही पॅकेजांत असतात, जागा एकच. डीपीकेजी अशी फाइल दोघांच्या नावे मांडून ठेवतं आणि शेवटचा मालक गेल्यावरच पुसतं. अट एवढीच, की दोन्ही पॅकेजांची आवृत्ती एक हवी आणि फाइल बाइटन् बाइट सारखी. इथे फाइली दाबून लहान करणारं जीझिप आडवं येऊ शकतं. दाबलेल्या फाइलीच्या सुरुवातीला ते चार बाइटांत वेळ नोंदवतं. वेगवेगळ्या वेळी बांधलेल्या पॅकेजांतला मजकूर तोच असला तरी तेवढ्या चार बाइटांवरून डीपीकेजी दुसरं पॅकेज अडवतं. म्हणून फाइल दाबताना वेळ न नोंदवण्याचा पर्याय आठवणीने द्यावा लागतो.

जून २०१९ मध्ये उबुंटूने ३२ बिटची पॅकेजं बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) वापरणारे आणि गेम खेळणारे लोक खवळून उठले. जुन्या खेळांचा जीव त्या लायब्रऱ्यांत होता. काही दिवसांतच उबुंटूने निर्णय बदलला आणि निवडक पॅकेजं राहिली.