इंदूर: डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र आणि बोर्डाच्या सवलती, अर्ज कसा करायचा

दहावीचे फॉर्म निघाले की पालकांची धावपळ सुरू होते, पण तोवर बराच उशीर झालेला असतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, तिसरी-चौथीतच हालचाल करा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडणं, त्यातच मोडतो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करायची असते. शाळा करत नसेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, म्हणून मूल गोंधळतं, असं रामबागेपासून सुदामानगरापर्यंत आपल्या घरांत हमखास ऐकू येतं. वही नीट बघा. हिंदीत ‘पानी’च्या जागी ‘पाणी’ लिहिलं तर ती मराठीची सवय. पण पाचवीतलं मूल ‘कमल’चं ‘मकल’ करतं, काना-मात्रा गाळतं, जोडाक्षरापाशी अडतं आणि तोच धडा वाचून दाखवला की उत्तरं तोंडी धडाधड देतं, तेव्हा तपासणी करून घ्याच.

आधी डोळे आणि कान तपासा. मग भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्या मानसशास्त्रज्ञांकडे बुद्धिमापन आणि बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेची अध्ययन अक्षमता चाचणी. घरची भाषा आणि शाळेचं माध्यम त्यांना पहिल्याच भेटीत सांगा. मूल ज्या भाषेत वाचायला शिकलं, त्याच भाषेत वाचन तपासलं पाहिजे.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर, विनाशुल्क. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. समग्र आयडीही जवळ असू द्या, मध्य प्रदेशातल्या योजनांना तो लागतोच. नोंदणी क्रमांक जपून ठेवा आणि प्रमाणपत्रासाठी तपासणारं मेडिकल बोर्ड कोणत्या दिवशी बसतं ते रुग्णालयात आधी विचारा. जाताना शाळेचा अहवाल, मागच्या गुणपत्रिका आणि मुलाच्या जुन्या वह्या न्या. वह्या कोणी मागत नाही, तरी न्या. लाल शाईनं भरलेलं एक पान पुष्कळ सांगून जातं.

याच मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. १८ व्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं. म्हणजे नेमकं नववी-दहावीत नूतनीकरण येतं, हे आत्ताच लक्षात ठेवा.

प्रमाणपत्रात दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० पेक्षा कमी आली तर प्रवेशातलं आरक्षण मिळत नाही. मात्र लेखनिकासाठी, म्हणजे मूल सांगेल ते उत्तर लिहिणाऱ्यासाठी, ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल आहे. कोणी परत पाठवलं तर तो दाखवा.

सवलतीसाठी पालकांनी थेट बोर्डाकडे जायचं नसतं, शाळेमार्फतच जायचं. सीबीएसईत तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त, लेखनिक आणि तिसऱ्या भाषेतून सूट मिळते. मध्य प्रदेशच्या माध्यमिक शिक्षा मंडळाच्या शाळेत असाल तर प्राचार्यांना अर्ज द्या. जादा वेळ, लेखनिक आणि भाषेची सूट यांचा आधार दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्येच आहे.

कागदपत्रं फिरत असताना शिकवणं मात्र थांबवू नका. रोज थोडा वेळ एकच अक्षर: मोठ्यानं आवाज काढायचा, बोटानं रव्यात गिरवायचं, मग वहीत. लेखनिक घ्यायचं ठरलं तर सहामाहीपासून सराव करून घ्या. उत्तर मनात जुळवून दुसऱ्याला सांगणं हेही मुलाला शिकावंच लागतं.