परिचारिका : सोलापुरातील रुग्णालयीन काम

सोलापूर शहरातील सरकारी, सहकारी आणि खाजगी रुग्णालयांत रुग्णशुश्रूषा करणारा नोंदणीकृत व्यावसायिक वर्ग. सरकारी आस्थापनेवर अधिपरिचारिका, तिच्यावर परिसेविका आणि सर्वांत वर अधिसेविका, म्हणजेच मेट्रन, अशी उतरंड असते. वॉर्डात मात्र साऱ्या ‘सिस्टर’ आणि पुरुष असेल तर ‘ब्रदर’. बारावीनंतर तीन वर्षांचा जीएनएम (सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिशास्त्र पदविका) किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी, हा या कामाचा रस्ता.

शहरातील सर्वांत मोठा भार श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयावर, म्हणजे लोकांच्या ‘सिव्हिल’वर असतो. ते 1963 मध्ये सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. सहकारी तत्त्वावर उभे राहिलेले अश्विनी रुग्णालय हे शहराचे दुसरे मोठे नाव. याखेरीज गल्लोगल्ली लहान नर्सिंग होम आहेत. सोलापूर जिल्ह्याबरोबरच धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडच्या विजयपुरा, कलबुर्गी भागांतूनही रुग्ण येतात.

त्यामुळे इथल्या सिस्टरला एका भाषेवर भागत नाही. मराठी आणि कन्नड ग्रामीण रुग्णांची, तेलुगू विणकर व विडी कामगार कुटुंबांची, दख्खनी हिंदी मुस्लिम वस्त्यांतली. इन्सुलिन देण्याआधी रुग्ण जेवणार आहे की नाही, किंवा जेवला आहे का, हे विचारावेच लागते, नाहीतर साखर घसरते. म्हणून एकाच फेरीत ‘जेवलात का आजी’, ‘ऊटा आय्ता?’ आणि ‘तिन्नारा?’ असे तिन्ही प्रश्न ऐकू येतात. हे कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. जुन्या सिस्टरांकडून, मावशींकडून, कधी शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाकडून ते उचलले जाते.

दिवस तीन पाळ्यांचा. रात्रपाळी सर्वांत लांब. पाळी बदलताना ‘ओव्हर’ दिली-घेतली जाते : कोणाची सलाईन कितीवर आहे, कोणाला रात्री ताप होता, कोणाचे रक्त आणायला नातेवाईक गेले आहेत, कोण ऑपरेशनसाठी उपाशी आहे. ओव्हर नीट झाली नाही तर पुढची पाळी चाचपडते, पण ती घाईत होते. मागची सिस्टर निघायच्या तयारीत असते आणि पुढचीला इंडेंट (भांडाराकडे करायची मागणी), औषधसाठा व ऑक्सिजन तपासायचा असतो. घरी जायची वेळ झाली म्हणून निघता येत नाही. बदलीची सिस्टर आली नाही, तर पाळी पुढे चालूच राहते.

सर्पदंशाचा रुग्ण आला की परिचर्या म्हणजे काय ते दिसते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत सुमारे दोन मिली रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून पाहायची. रक्त गोठले नसेल, तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनल्याची खूण. नाग किंवा मण्यार असेल तर नजर पापण्यांवर आणि श्वासावर : पापणी मिटायला लागली की डॉक्टरांना हाक. सर्पविषरोधक लस सलाईनमधून सुरू झाल्यावर अंगावर पित्त उठते का, रक्तदाब कोसळतो का, हे पाहात, अशी प्रतिक्रिया उमटली तर द्यायचे अॅड्रेनालिन हाताशी ठेवून थांबावे लागते. त्याच तासात वॉर्डातले बाकीचे रुग्ण वाट बघत असतात.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एकास एक परिचारिका हवी. शिवाय रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के राखीव. या सगळ्याची गणिते कागदावर सुरेख बसतात. भरलेल्या जनरल वॉर्डात रात्री दोन सिस्टर मिळाल्या तरी चैन म्हणायची. बाकी तक्रारी बहुतेक इथूनच उगवतात : चार्ट उशिरा भरले जातात, नातेवाइकांना ‘लक्ष देत नाहीत’ असे वाटते, आणि आवाज चढले की समोर असते ती सिस्टरच, डॉक्टर नव्हे. राज्यात 2010 चा वैद्यकीय सेवा व्यक्ती हिंसाचारविरोधी कायदा परिचारिकांनाही लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सुई टोचणे हा आणखी एक धोका. घाईत झाकण परत बसवायला गेले की बोटात जाते. एचआयव्हीचा संभव असेल तर प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर 72 तासांत सुरू करून 28 दिवस घ्यावे लागते. ते दिवस घरच्यांशी काय बोलायचे, हा प्रश्न वेगळाच. पाठ आणि पोटऱ्यांच्या शिरा ही तर जुनी दुखणी. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो आणि वरच्या मजल्यांवरच्या वॉर्डांत पंख्याची हवाही तापलेली असते.

खाजगी क्षेत्रात पगाराचा प्रश्न मोठा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारी परिचारिकेइतके वेतन आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान 20,000 रुपये सुचवले. लहान नर्सिंग होममध्ये ते पाळले जातेच असे नाही, आणि नवी मुलगी भांडणार कोणाशी? अनुभवाचे पत्र मिळेपर्यंत ती गप्प राहते. सरकारी बाजूला वाद कंत्राटी भरतीचा : बाह्य संस्थेमार्फत नेमणुका करण्याविरोधात राज्यातील परिचारिकांनी मे 2022 मध्ये बेमुदत संप केला होता.

आषाढी वारीला पंढरपुरात आरोग्य पथके लागतात आणि जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला शहर गजबजते. अशा दिवसांत रजा मागण्यापूर्वी सिस्टर दोनदा विचार करतात. सोलापुरात शिकलेल्यांपैकी अनेकींचा ओढा दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर पुणे-मुंबईकडे, काहींचा आखाती देशांकडे असतो. त्यांच्या जागी पुन्हा नवख्या मुली येतात आणि त्यांना वॉर्ड शिकवण्याचे काम इन्चार्ज सिस्टरच्या रोजच्या कामात भर म्हणून पडते.