हिब्रू प्रेमगीतांची सोलो अरेंजमेंट प्रकाशित करायची आहे? परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

कॉयरसाठी लिहिलेलं एखादं हिब्रू प्रेमगीत तुम्ही एका आवाजासाठी आणि पियानोसाठी बसवलंत आणि ते घरी रियाजाला वापरलंत, तर अशा खासगी वापराला भारतीय कायद्यात सूट आहे. तीच अरेंजमेंट छापायची किंवा पीडीएफ करून विकायची ठरली की नियम बदलतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम २ नुसार संगीतकृतीची अरेंजमेंट म्हणजे रूपांतर, आणि कलम १४ नुसार रूपांतर करण्याचा हक्क मूळ हक्कदाराचा. इस्रायलच्या २००७ च्या कायद्यातही मूळ कृतीवर आधारित नवी कृती करण्याचा हक्क मूळ हक्कदाराकडेच आहे. त्यामुळे पियानोचे स्वर लिहायला बसण्याआधी परवानगीच्या मागे लागा. पूर्ण झालेलं काम ‘नाही’ या एका शब्दाने कपाटात पडून राहतं, याचं मला फार वाईट वाटतं.

पात्रतेची अट अशी फारशी नाही. अर्जदार भारतीय असो वा परदेशी, व्यावसायिक गायक असो वा हौशी, त्याने फरक पडत नाही. पदवी लागत नाही, कोणत्या संस्थेचं सदस्यत्वही लागत नाही. मात्र अरेंजमेंट तुमची स्वतःची हवी, आणि मूळ गाणं कॉपीराइटमध्ये असेल तर लेखी परवानगी हवी.

हक्क कुणाकडे आहेत?

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जायलाही हवा. गाण्याचे शब्द आणि चाल या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या कृती आहेत. भारतीय कायद्यात तर संगीतकृतीच्या व्याख्येतून शब्द मुद्दाम वगळले आहेत. बायबलमधल्या गीतरत्नातल्या ओळी कुणाच्याही मालकीच्या नाहीत, पण त्याच ओळींना विसाव्या शतकात लावलेली चाल बहुधा कुणाच्या तरी मालकीची असते. हिब्रू कवी बियालिक १९३४ मध्ये गेले, कवयित्री राहेल १९३१ मध्ये. त्यांचे शब्द इस्रायल आणि भारत दोन्हीकडे मोकळे आहेत. त्यांच्या कवितांना नंतरच्या संगीतकारांनी दिलेल्या चाली मात्र एकेक करून तपासाव्या लागतात.

इस्रायलमध्ये कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो, भारतात ६०. दोन्हीकडे मोजणी कॅलेंडर वर्षाच्या अखेरीस संपते. हिब्रू कवी लेआ गोल्डबर्ग आणि नातान आल्तरमान दोघांचंही निधन १९७० मधलं. म्हणजे त्यांच्या कविता भारतात २०३० संपताना मोकळ्या होतील, इस्रायलमध्ये २०४० संपताना. आल्तरमान यांच्या शब्दांना संगीतकार साशा आर्गोव यांची चाल असेल, तर चालीसाठी आणखी थांबावं लागेल, कारण आर्गोव १९९५ मध्ये गेले आणि इस्रायलमध्ये त्यांच्या संगीताची मुदत २०६५ अखेरपर्यंत आहे. अमेरिकेचा हिशोब निराळाच. १९७८ पूर्वी प्रकाशित झालेल्या आणि तिथे संरक्षण असलेल्या कृतीला प्रकाशनापासून ९५ वर्षं मिळतात. पुण्यात बसून ऑनलाइन विक्री करणाऱ्याचा ग्राहक न्यू यॉर्कचाही असू शकतो, तेव्हा जिथे जिथे विकायचं त्या प्रत्येक देशाची मुदत पाहा.

पारंपरिक चालींबद्दल एक खबरदारी. ‘लोकगीत’ असं वर छापलेलं असलं तरी समोरचं नोटेशन कुणाची तरी अरेंजमेंट असू शकते. खात्रीचा आधार हवा असेल तर संगीत-अभ्यासक अब्राहम त्स्वी इडेलसोन यांचे संग्रह पाहा. येमेनी ज्यूंच्या गाण्यांपासून सुरुवात करून त्यांनी १९१४ ते १९३२ या काळात हिब्रू चालींचे दहा खंड काढले. त्यांचं निधन १९३८ मधलं, त्यामुळे आपल्याकडे आणि इस्रायलमध्ये ते नोटेशन वापरायला अडचण नाही. अलिबाग, पेण किंवा ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू, मंडळींच्या तोंडी असलेली एखादी जुनी चाल स्वतः ऐकून लिहून घेतलीत, तर चाल परंपरेची आणि लेखन तुमचं. अशा वेळी कुणाकडून, कुठे आणि कधी ऐकली याची नोंद स्कोअरमध्ये, म्हणजे गाण्याच्या लिखित स्वरलेखनात, जरूर द्या. ज्यांनी ती जपली त्यांचं हे देणं आहे.

जिवंत संगीतकाराचं काम असेल तर आधी एक गोष्ट शोधा: सोलो आवृत्ती आधीपासून आहे का? अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटाकर यांची पाच हिब्रू प्रेमगीतं आज बहुतेकांना कॉयरमधून माहीत आहेत. पण १९९६ मध्ये हिला प्लिटमन यांच्या कवितांवर ती मुळात सोप्रानो, व्हायोलिन आणि पियानो यांच्यासाठीच लिहिली गेली होती. संगीतकाराची स्वतःची सोलो आवृत्ती असताना दुसऱ्या सोलो अरेंजमेंटला प्रकाशक परवानगी देण्याची शक्यता कमीच. तुमची मांडणी वेगळ्या आवाजासाठी किंवा वेगळ्या साथीसाठी असेल, तर तो फरक अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात यायला हवा.

परवानगीचा अर्ज

स्कोअरच्या पहिल्या पानावर तळाशी बारीक अक्षरात कॉपीराइटची ओळ असते. तिथे ज्याचं नाव, त्याला पहिलं पत्र. इस्रायली गाण्याला छापील प्रकाशक सापडत नसेल तर ‘आकुम’कडे वळा. गीतकार, संगीतकार, अरेंजर आणि प्रकाशक यांची ही इस्रायलमधली संस्था १९३६ पासून काम करते, आणि गाणं कुणाच्या नावावर आहे हे तिथून कळतं. संमती मात्र हक्कदाराची, म्हणजे प्रकाशकाची, कवीची किंवा वारसांची लागते. शब्द आणि चाल दोन घरांत असतील तर दोन पत्रं. इस्रायलमधली कार्यालयं रविवार ते गुरुवार चालतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सणांत आठवडेच्या आठवडे उत्तर येत नाही, हे धरूनच वेळापत्रक आखा.

पत्रात गाण्याचं नाव, कवी, संगीतकार आणि तुम्ही वापरलेल्या आवृत्तीचा तपशील द्या. मग तुम्ही काय बदललंत ते नेमकं लिहा: मूळ पट्टी आणि नवी पट्टी, आवाजाचा सर्वांत खालचा आणि वरचा स्वर, कॉयरचे कोणते भाग पियानोकडे गेले, किती मापं (बार) वगळली. छापील की डिजिटल, किती प्रती, काय किंमत आणि कोणत्या देशांत विक्री हेही सांगा. नमुन्याची दोन-तीन पानं जोडा. नुसती पट्टी बदललेली प्रत छापायलाही परवानगी लागते, कारण ती शेवटी मूळ कृतीचीच प्रत.

शब्दांबद्दल स्वतंत्र परिच्छेद लिहा. हिब्रूत क्रियापद आणि सर्वनाम बोलणाऱ्याप्रमाणे आणि ज्याला उद्देशून बोलायचं त्याप्रमाणे बदलतं. स्त्रीच्या तोंडचं प्रेमगीत पुरुष गायकासाठी मांडताना ‘दोदी’च्या (माझा प्रियकर) जागी ‘रायाती’ (माझी प्रिया) करण्याचा मोह होतो. हा कवीच्या मजकुरात केलेला बदल आहे. कर्त्याचा नैतिक हक्क, म्हणजे आपल्या कृतीची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क, इस्रायली कायद्यातही आहे आणि आपल्या कलम ५७ मध्येही, तेव्हा बदललेली ओळ मूळ ओळीशेजारी लिहून तिची मान्यता घ्या. स्वरांखाली देवनागरी किंवा रोमन उच्चार छापणार असाल, मराठी अनुवाद देणार असाल, तर तेही नमूद करा. अनुवादाला वेगळी परवानगी लागते. दुसऱ्या कुणाचा अनुवाद वापरत असाल तर त्या अनुवादकाचीही.

इथे दोन गैरसमज नेहमी भेटतात. कलम ३१सी खाली कव्हर व्हर्जनची, म्हणजे आधीचं गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करण्याची, सोय आहे, पण ती ध्वनिमुद्रणासाठी. छापील स्कोअरला तिचा उपयोग नाही. तसंच कार्यक्रमात गाण्याचं शुल्क भरलं म्हणजे छापण्याचा हक्क मिळाला असंही होत नाही.

होकार आला तरी करार वाचल्याशिवाय सही करू नका. अनेक प्रकाशक अरेंजमेंटचा कॉपीराइट स्वतःकडे ठेवतात आणि तुम्हाला फक्त श्रेय देतात. यात गैर काही नाही, पण ते माहीत असून सही करावी. मुदत आणि प्रदेश लिहिले आहेत का ते पाहा. भारतीय कायदा लागू होत असेल आणि करारात मुदत नसेल, तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश नसेल तर फक्त भारत. परदेशात रॉयल्टी पाठवताना उगमस्थानी करकपात (टीडीएस) आणि समोरच्याचा करनिवासी दाखला हे प्रश्न बँक विचारतेच, म्हणून सीएला आधी भेटा.

कॉपीराइट नोंदणी: फॉर्म १४

नोंदणी ऐच्छिक आहे. कृती तयार झाली की कॉपीराइट आपोआप मिळतो, आणि नोंदणी सक्तीची नाही हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. इस्रायलमध्ये तर कॉपीराइटची सरकारी नोंदणीच नाही. तरीही नोंदणी करून ठेवावी असं माझं मत, कारण पुढे वाद झालाच तर हाताशी एक सरकारी कागद असतो.

हा अर्ज, म्हणजे फॉर्म १४, दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. संगीतकृतीसाठी शुल्क प्रत्येक कृतीला ५०० रुपये. स्वतःचा मराठी अनुवादही नोंदवायचा असेल तर ती साहित्यकृती, तिचा अर्ज वेगळा. सोबत लागतात: स्टाफ नोटेशनच्या (पाच रेषांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीच्या) प्रती, ओळखपत्र, मूळ हक्कदाराचं परवानगीपत्र, अर्जदार आणि अरेंजर वेगळे असतील तर अरेंजरचं ना हरकत पत्र, प्रकाशक दुसरा असेल तर त्याचंही, आणि वकिलामार्फत अर्ज असेल तर वकीलपत्र.

फॉर्मसोबत दोन विवरणपत्रं असतात. दुसऱ्यातला पहिलाच प्रश्न आपल्या कामाचा आहे: कृती मूळ आहे, की कॉपीराइट संपलेल्या कृतीचं रूपांतर, की कॉपीराइट चालू असलेल्या कृतीचं? बरेच जण इथे ‘मूळ’वर खूण करतात. तसं करू नका. कॉपीराइट चालू असलेल्या कृतीचं रूपांतर हा पर्याय निवडला की मूळ कृतीचं नाव, भाषा, कर्त्याचं नाव, पत्ता व राष्ट्रीयत्व, तो हयात नसेल तर मृत्यूची तारीख, प्रकाशकाचा तपशील आणि परवानगी कुणी दिली हे रकाने भरावे लागतात. वर सांगितलेला शोध नीट घेतला असेल तर हे पान दहा मिनिटांत होतं.

अर्ज गेल्यावर डायरी क्रमांक मिळतो. त्या कृतीत ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना अर्जाची सूचना तुम्हीच पाठवायची असते, म्हणजे मूळ प्रकाशकालाही. हरकतींसाठी ३० दिवस थांबतात, मग छाननी होते. त्रुटीपत्र आलं तर दिलेल्या मुदतीत उत्तर द्या.

छापताना आणि छापल्यावर

प्रकाशकाने दिलेली कॉपीराइटची ओळ अक्षरशः तशीच छापा. नुसत्या स्कोअरला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाला मिळणारा क्रमांक, लागू होत नाही. संगीताच्या छापील आवृत्तीसाठी आयएसएमएन हा १३ अंकी क्रमांक आहे आणि तो ९७९-० ने सुरू होतो.

ग्रंथ-प्रदान कायदा, १९५४ मध्ये ‘पुस्तक’ या शब्दात स्वतंत्र छापलेल्या संगीतलेखनाचाही समावेश आहे, हे प्रकाशकांच्याही सहसा लक्षात येत नाही. भारतात छापील प्रकाशन केलंत तर ३० दिवसांच्या आत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा ग्रंथालय, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाउन हॉलचं मध्यवर्ती ग्रंथालय इथे प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवा आणि पोचपावती परवानगीपत्राच्याच फाइलमध्ये लावून ठेवा.