ओखी : जोर ओसरलेल्या वादळामागचा इतिहास

५ डिसेंबर २०१७ला मुंबईत ऐन थंडीत पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण दिन. शिवाजी पार्कवर राज्यभरातून आलेल्या अनुयायांचे मंडप भिजले, मैदानात चिखल झाला, अनेकांची सोय पालिकेच्या शाळांमध्ये करावी लागली. ओखी चक्रीवादळाचा जोर तोवर बराच ओसरला होता आणि त्याच रात्री दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याशी येता येता ते विरून गेलं.

ओखीचा जन्म आपल्या अरबी समुद्रातला नव्हे. २९ नोव्हेंबरला श्रीलंकेजवळ कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला आणि जेमतेम एका दिवसात, कन्याकुमारीच्या दक्षिणेला, त्याचं चक्रीवादळ झालं. एवढ्या अवधीत खोल समुद्रातल्या बोटींना गाठणार कसं? केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार कित्येक दिवसांसाठी बाहेर पडतात आणि मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. मृत आणि बेपत्ता मिळून दोनशेहून अधिक माणसं गेली. पुढे लक्षद्वीपला झोडपून ओखी उत्तरेकडे वळलं.

तिथून ते खचत गेलं. हिवाळ्याच्या तोंडावर उत्तर अरबी समुद्राचं पाणी थंडावतं, वायव्येकडून कोरडी हवा शिरते आणि वरच्या थरातले जोरदार वारे वादळाचा माथा बुडख्यापासून ओढून नेतात. २०१४चं निलोफर आणि २०१९चं महा हीसुद्धा अशीच गुजरातच्या दिशेने येता येता ढासळली.

पण ‘ढासळलं’ म्हणजे काय? हवामान खात्याची प्रतवारी वाऱ्याच्या वेगावर चालते. ताशी ६२ किलोमीटरच्या खाली आलं की ते चक्रीवादळ राहत नाही. पाऊस आणि लाटा या प्रतवारीत मोजल्याच जात नाहीत. भर समुद्रात उठलेली लाट वारा पडल्यावरही शेकडो किलोमीटर चालत येते. माझ्या मते सगळी फसगत इथेच होते. ११ नोव्हेंबर २००९ला अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलेलं फयान या प्रतवारीत अगदी खालच्या पायरीवरचं चक्रीवादळ होतं, तरी रत्नागिरीच्या कित्येक मच्छीमारांच्या घरी माणूस परतला नाही.

इशाऱ्यांची सुरुवात फार जुनी. १८६४च्या वादळाने कोलकात्याची दैना केली, तेव्हा पुढच्याच वर्षी तिथल्या बंदरात इशारे देण्याची पद्धत सुरू झाली. १८७५मध्ये हवामान खातं स्थापन झालं आणि १८८०मध्ये ही सोय पश्चिम किनाऱ्यावर आली. मुंबईबरोबर रत्नागिरी आणि वेंगुर्लाही त्या यादीत होती. बंदरात लावलेल्या इशाऱ्याच्या खुणेला बावटा म्हणतात; आजही कोकणात ‘बंदरात तीन नंबरचा बावटा लागलाय’ असंच म्हणतात.

बावटा दिसतो तो बंदरातून. ओखीत दूर समुद्रात सापडलेल्यांपैकी ६८ बोटी आणि ९५२ मच्छीमार सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागले, त्यातल्या ६६ बोटी केरळच्या होत्या. स्वतःचं गाव शेकडो मैल मागे टाकून त्यांनी देवगडचा आसरा घेतला. रेंजबाहेरच्या बोटींपर्यंत उपग्रहाद्वारे इशारा पोचवणारं ‘जेमिनी’ हे यंत्र केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१९मध्ये आणलं. त्यावर संदेश येतो, पण बोटीवरून उलट हाक देण्याची सोय त्यात नव्हती.