कॅव्हिअर विकत घेताना : डब्यावरचे लेबल आणि अंड्यावरचे आवरण

कॅव्हिअर म्हणजे स्टर्जन कुळातल्या माशांची मीठ लावलेली अंडी. सॅमनची केशरी अंडी किंवा लम्पफिशची काळ्या रंगात रंगवलेली अंडी चवीला चांगली असू शकतात. मात्र कोणत्या माशाची अंडी आहेत हे न सांगता ती नुसती ‘कॅव्हिअर’ म्हणून विकली जात असतील, तर त्या दुकानातून खरेदी करू नये. कोकणात आपण गाबोळी तळतो किंवा कालवणात घालतो, आणि आचेमुळे व मसाल्यामुळे तिच्यातले बारीकसारीक दोष झाकले जातात. कॅव्हिअरला सहसा आच लागत नाही, त्यामुळे मासा कापल्यापासून डबा उघडेपर्यंत झालेली प्रत्येक हयगय थेट जिभेला कळते. म्हणून माशाच्या जातीचे नाव किंवा किंमत पाहण्याआधी त्या अंड्यांचा प्रवास कसा झाला हे विचारणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

त्या प्रवासाची पहिली नोंद लेबलवरच सापडते. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ करारात १९९८पासून स्टर्जनच्या सर्व जातींचा समावेश आहे आणि त्यानुसार कॅव्हिअरच्या डब्यावर एकदाच वापरता येईल असे लेबल व त्यावर एक संकेतांक असावा लागतो. समजा, तो ‘बीएई/सी/आयटी/२०२३’ असा सुरू होत असेल, तर ‘बीएई’ म्हणजे सायबेरियन स्टर्जन, ‘सी’ म्हणजे मत्स्यशेतीत वाढवलेला मासा, ‘आयटी’ म्हणजे इटली, आणि पुढे वर्ष. त्यानंतर कारखान्याचा नोंदणी क्रमांक व खेपेचा क्रमांक येतो. ‘सी’च्या जागी ‘डब्ल्यू’ असेल तर मासा नैसर्गिक पाण्यातून पकडलेला आहे. वर्षाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. सुमारे पावणेदोन किलोच्या मोठ्या डब्यांतून लहान डब्यांत भरलेल्या मालावर ते वर्ष पुन्हा भरल्याचे असते, मासा कापल्याचे नव्हे. त्यामुळे डबा केव्हा भरला आणि अंडी केव्हा काढली, हे दोन्ही प्रश्न विक्रेत्याला स्वतंत्रपणे विचारावेत.

नैसर्गिक पाण्यातल्या माशाचे कॅव्हिअर अधिक अस्सल, हा समज आता सोडून द्यायला हवा. बेलुगा या स्टर्जनच्या जातीतली मादी अंड्यांवर यायला पंधरा-वीस वर्षे घेते, आणि अंडी काढण्यासाठी तिला सहसा मारावेच लागते. इतक्या संथ वाढणाऱ्या माशाला बेसुमार मासेमारी आणि नद्यांवरची धरणे झेपली नाहीत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२२मध्ये जाहीर केलेल्या आढाव्यानुसार स्टर्जनच्या उरलेल्या सर्व जाती धोक्यात आहेत. बल्गेरिया, रुमानिया, सर्बिया आणि युक्रेनमधून गोळा केलेल्या कॅव्हिअरची जनुकीय व समस्थानिक तपासणी २०२३मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा निम्मे नमुने बेकायदा निघाले, आणि काहींत तर स्टर्जनचा अंशही नव्हता. मत्स्यशेतीतला माल हाच आज विश्वासाचा आणि सदसद्विवेकाला पटणारा पर्याय आहे. चीन त्याचा सर्वांत मोठा उत्पादक आहे, आणि केवळ तेवढ्यावरून चिनी कॅव्हिअरला कमी लेखणे अन्यायाचे आहे.

गुणवत्तेचा खरा कस अंड्याच्या आवरणात असतो. हे आवरण योग्य वेळी घट्ट आणि लवचिक असते. मादी अंडी सोडण्याच्या बेतात आली की ते मऊ पडू लागते आणि मग चाळणीचा व मिठाचा ताण त्याला सोसत नाही. त्यामुळे मत्स्यशेतीत अल्ट्रासाउंडने अंडाशय तपासून दिवस ठरवतात. अंडी चाळणीवर हलक्या हाताने सुटी करून थंड पाण्यात धुतात आणि मीठ लावतात. ‘मालोसोल’ हा रशियन शब्द कमी मिठाच्या मालासाठी वापरतात, आणि त्यात मिठाचे प्रमाण साधारण तीन ते पाच टक्के असते. हे मीठ जिवाणूंची वाढ रोखते, शिवाय गोठणबिंदूही खाली आणते. त्यामुळे उणे दोन अंशालाही कॅव्हिअर गोठत नाही. ते गोठले तर बर्फाचे स्फटिक आवरण फाडतात आणि डबा उघडल्यावर दाण्यांऐवजी लगदा हाती येतो. पाश्चराइझ केलेला माल जास्त टिकतो, पण उष्णतेने दाणा कडक होतो आणि सुगंध उणावतो. ताजा माल मिळत असताना पाश्चराइझ केलेला घेऊ नये.

मत्स्यशेतीच्या मालातला एक दोष आपल्या नाकाला चांगला ओळखीचा आहे. पाण्यातले काही जिवाणू जिओस्मिन नावाचे संयुग तयार करतात, आणि ते माशाच्या चरबीत साठते. पहिल्या पावसानंतर मातीला येणारा सुगंध याच संयुगाचा. तिथे तो हवाहवासा वाटतो, पण कॅव्हिअरमध्ये तोच चिखलाचा वास ठरतो. काळजीपूर्वक काम करणारे उत्पादक मासे कापण्याआधी काही काळ स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवतात, म्हणजे तो उतरतो.

डबा उघडल्यावर दाणे सुटे आणि चकचकीत दिसले पाहिजेत. तळाशी पाणी किंवा वर तेलाचा तवंग दिसला, तर दाणे फुटलेले आहेत असे समजावे. रंगावरून ताजेपणा कळत नाही. फिकट दाण्यांना जास्त भाव मिळतो तो केवळ दुर्मिळतेमुळे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या खोलगट भागावर थोडेसे कॅव्हिअर ठेवावे, अंगाच्या उबेने वास मोकळा होऊ द्यावा आणि मग ते जिभेने टाळूवर दाबावे. दाणा क्षणभर तग धरून फुटला पाहिजे आणि लोण्यासारखी, किंचित खारट चव पसरली पाहिजे. कडवट किंवा खवट चव आली तर चरबीचे ऑक्सिडीकरण झालेले आहे. चांदीचा चमचा टाळावा, कारण अंड्यातल्या गंधकयुक्त संयुगांशी चांदीची अभिक्रिया होते. शिंपल्याचा किंवा लाकडी चमचा उत्तम.

प्रथमच घेणाऱ्याने सायबेरियन स्टर्जनचा तीस ग्रॅमचा डबा घ्यावा, तो घरी आणताना बर्फासोबत ठेवावा आणि फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवून, उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवावा.